नायटा म्हणू नकोस

१४ डिसेंबर

ठमे,

आज सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. वेळेत पोचलो. तपासणीचा कागद घेतला, डॉक्टरांना भेटलो, परत आलो. येताना तुझ्या दादाने साबण आणि एक बल्ब घेतला, जिन्यातला गेला होता. तो बसवून तो कामावर गेला. मी भांडी घासली आणि हे लिहायला बसले.

तुझे फोन उचलत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. फोनवर समोरचं माणूस रडायला लागलं की मलाच त्याची समजूत घालावी लागते. पत्रात तेवढं वाचतं.

कागदात काय आहे ते नीट सांगते, म्हणजे आईंनी आणि तू घरी बसून अंदाज बांधायला नको. गेल्या महिन्यात, मला सातवा चालू असतानाच सगळं संपलं, तेव्हा त्यांनी वार तपासायला पाठवली होती. तिच्यात जंतू सापडले. आजाराचं नाव लाइम. गोचीड चावल्याने होतो. हरणं, उंदीर फिरतात तिथल्या गवतात या गोचिड्या असतात आणि लहान असताना खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात. चावलेलं कळतही नाही. पुढे काही दिवसांनी त्या जागी लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो, बऱ्याचदा गोल.

जूनमध्ये माझ्या गुडघ्यामागे उठला होता, आठवतं? तुला फोनवर म्हटलं होतं, नायटा झालाय. सगळ्यांना तेच म्हटलं होतं. दवाखान्यात फोन केला तेव्हाही तेच. अंगावर गोल काही उठलं की आपण नायटा म्हणतो, दुसरा शब्द आपल्याकडे आहे कुठे. फोन घेणाऱ्या मुलीने आत विचारलं, आतून मलमाचं नाव आलं. पाय कोणी बघितला नाही. मी मलम लावलं आणि चट्टा गेला. तो मलमाशिवायही जाणारच होता, हे आज कळलं. तेव्हा वाटलं गुण आला.

मग कणकण आली. ‘या दिवसांत होतं.’ थकवा आला. ‘पहिलटकरणीला जास्तच होतं.’ पुढे गुडघा टम्म सुजला. ‘वजन वाढतंय, पायावर येणारच.’ प्रत्येक वेळी मी त्याच खुर्चीत बसून हे ऐकलं. बाई गरोदर राहिली की तिला दुसरं काही होऊच शकत नाही, अशी यांची समजूत आहे.

आज मी विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"गरोदरपणात चालतील अशी औषधं आहेत. साधीच आहेत. वेळेत दिली तर बहुतेक बाळं व्यवस्थित जन्माला येतात."

"आणि नाही दिली तर?"

"तर जंतू बाळापर्यंत जाऊ शकतात. क्वचित जातात. तुमच्या बाबतीत तसं झालेलं असू शकतं. नक्की नाही सांगता येणार." मग कागद उलटून म्हणाले, "पण नायटा आहे, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

मी म्हटलं, "बरं."

ठमे, मी बरं म्हणाले. उठले, खुर्ची होती तशी आत सरकवून ठेवली आणि बाहेर आले. तुझा दादा जिना उतरेपर्यंत माझ्याकडे बघत होता.

तुझी वहिनी


५ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दुकानात वाचलं, ती चूकच झाली. एका आजोबांच्या चष्म्याला मी डावी दांडी उजवीकडे बसवून दिली. ते तसाच घालून म्हणाले, "आता जरा बरं दिसतंय." तू समोर असतीस तर हसली असतीस, निदान पूर्वी हसली असतीस.

आई माझ्याकडेच असते, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, "लाइम म्हणजे लिंबूच ना? मग तिने एवढी लिंबं खाल्लीच कशाला?" अर्धा तास समजावलं. समजल्यावर म्हणाली, "पोटुशी असताना रानात झाडं मोजत हिंडायला सांगितलं कोणी होतं?" हे लिहिणार नव्हते, पण ती दादाला ऐकवल्याशिवाय राहायची नाही, तेव्हा माझ्याकडून कळलेलं बरं. तिच्या मनात तसं काही नसतं. तिलाही वाईट वाटलंय, फक्त ते तिच्या तोंडातून असं वाकडं बाहेर पडतं.

वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेते. त्या डॉक्टरांना इतकं धरून बसू नकोस. ते स्वतःच म्हणाले ना, असू शकतं? म्हणजे नसूही शकतं. जे झालं ते झालं. ते आपलं नव्हतं असं समजायचं आणि पुढचं बघायचं. पुन्हा दिवस राहायला काही अडचण नाही ना, हे विचारलंस का? आई रोज विचारते. मीही विचारते, पण मनातल्या मनात.

स्वेटर घालत जा. तुझा आवाज ऐकून फार दिवस झाले.

ठमी


११ जानेवारी

ठमे,

ते नव्हतं. ती होती. तिला मी पाहिलंय. तिला नखं होती, आणि डावा कान दुमडलेला होता, तुझ्या दादाचा आहे तसा. तुम्ही सगळे ‘ते’ म्हणता. नर्स ते म्हणाली, शेजारीण ते म्हणाली, तूही म्हणालीस. आपलं नव्हतं म्हणतेस, मग कोणाचं होतं ते तरी सांग.

आईंना कळव, मी विचारलं. या आजारामुळे मूल राहायला अडथळा येतो असं दिसलेलं नाही, असं सांगितलं. माझं औषध पूर्ण झालं आहे, गुडघा उतरला आहे. ‘काहीच हरकत नाही, तुम्ही तरुण आहात,’ म्हणाले. एक काच फुटली तर कपाटात दुसरी आहे, असं तू गिऱ्हाईकाला सांगत असशील, तशाच आवाजात म्हणाले.

आता तुझं ‘असू शकतं’. त्या शब्दावर माझा राग नाही. खरं तेवढंच आहे हे मला कळतं. तू माझं काम कधी बघितलेलं नाहीस म्हणून सांगते. आम्ही झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजतो. खोडावर वेल असेल तर टेप वेलीवरून घेत नाही. वेल बाजूला करतो, खोड दिसेपर्यंत. कंटाळा केला तर आकडा येतोच, पण तो झाडाचा नसतो. जूनमध्ये कोणी वेल बाजूला केली नाही. आता डिसेंबरात ते म्हणतात नक्की सांगता येणार नाही. बरोबर आहे, आता नाहीच येणार. पण जूनमध्ये येत होतं. नंतरच्या शब्दाने आधीची चूक पुसू नकोस.

आणि रानात हिंडते म्हणजे मी नोकरी करते. तुझ्या दादाला ट्रकचा अपघात झाला असता तर ट्रकवर गेलासच कशाला, असं कोणी म्हटलं असतं का? गोचीड मला रानात चावली की घरामागच्या कुंपणाशी, मलाही माहीत नाही. तुझा दादा आता कुंपणालगतचं गवत कापत असतो. थंडीत गवत वाढत नाही, तरी कापतो. मी खिडकीतून बघते. आमच्याकडे सध्या असंच चालतं.

स्वेटर घालते.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की मीच रडायचे, आणि मग तुझं ते समजूत घालण्याचं वाक्य आठवायचं.

ती. यापुढे ती.

मे महिन्यात चार दिवस तुझ्याकडे येते. सुट्टी मिळाली आहे. आईला आणत नाही, घाबरू नकोस. जेवण मी करीन, तू नावं ठेव.

ठमी


३० मे

ठमे,

तू पोचल्याचं कळलं. तुझी छत्री इथेच राहिली आहे.

चार दिवस तू पुष्कळ बोललीस आणि काहीच बोलली नाहीस. दुकानातल्या आजीबाई, तुझ्या नवऱ्याची गाडी शिकण्याची तऱ्हा, समोरच्यांचं भांडण, सगळं सांगून झालं. मागच्या खोलीत मात्र एकदाही आली नाहीस. पाळणा अजून तिथेच आहे म्हणून? मी म्हटलं, चल, तुला तिचे कपडे दाखवते. तर तू म्हणालीस, "नको ग, नंतर," आणि दारातून परत फिरलीस. मी ते कपडे आजवर कोणालाही दाखवलेले नाहीत. तुला दाखवणार होते.

माझ्या दुःखाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग. मला चालेल. कंटाळा लपवण्यासाठी एवढं बोलायची गरज नाही. आणि तसं असेल तर पुढच्या वर्षी येऊ नकोस.

आणखी एक. शेवटच्या दिवशी तू नंबर घातलेली झाडं बघायला म्हणून मागच्या वाटेने साध्या चपलांवर गेलीस. तिथलं गवत कोणी कापत नाही. परत आल्यावर मी म्हटलं, उभी राहा, बघू दे. तू म्हणालीस, "मी काय झाड आहे मोजायला?" आणि हसत आत गेलीस. घरी तरी नीट बघ. गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांत.

वहिनी


१६ जून

वहिनी,

कंटाळले नाही. असं पुन्हा लिहू नकोस. त्या खोलीत का आले नाही ते कधीतरी सांगीन, आता विचारू नकोस. तुझ्या कोणत्याही गोष्टीचा मला कंटाळा येत नाही, तुझ्या वांग्याच्या भाजीचा सोडून.

अंग बघितलं ग बाई, आरशासमोर उभं राहून सगळं बघितलं. गोचीड नाही की काही नाही. कमरेला पट्ट्याच्या जागी एक चट्टा तेवढा उठलाय, घामाने नायटा झाला असणार. लगेच धावून येऊ नकोस. तुझ्यासारखा कडं असलेला नाही, सगळा एकसारखा लाल आहे, आणि खाजतही नाही. गेल्या आठवड्यात रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला आहे. शेजारच्या औषधवाल्याने मलम दिलं, पण ते तसंच पडून आहे. सध्या अंगाला काही लावायचं नाही आणि पोटात काही घ्यायचं नाही, असं ठरवलंय.

आई बरी आहे. माझी छत्री तिथेच असू दे, मला तिचा रंग आवडत नव्हताच.

ठमी


१९ जून

ठमे,

सकाळपासून फोन करतेय. तू उचलत नाहीस. दुकानात तू नाहीस असं सांगतात. आता न उचललेला फोन कसा वाजतो ते मला कळलं.

हे पत्र तुझा दादा स्वतः घेऊन येतो आहे. त्याला सांगितलंय, काही बोलू नकोस, हे तिच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत दारातून हलू नकोस.

तुला दिवस गेलेत. काही लावायचं नाही, काही घ्यायचं नाही, असं दुसऱ्या कशासाठी ठरवतात? इथे आलीस तेव्हा चहा नको म्हणालीस, पिशवी दादाला उचलायला दिलीस, दुपारी झोपलीस, आणि मी मूर्ख, तुला माझा कंटाळा आला म्हणून तुला बोलले. तू लपवलंस. का लपवलंस तेही कळतं, म्हणजे मला जपलंस. मला असं जपायला मी तुला सांगितलं नव्हतं. माझ्यावर दया करून तू स्वतःच्या बाळाला त्याच गवतात घेऊन गेलीस आणि मी माझ्याच दारातून तुला जाऊ दिलं. सांगितलं असतंस तर तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

आता ऐक. कडं नसलं म्हणून काही नाही. मला सांगितलंय, तो पुष्कळदा एकसारखा लाल असतो. खाजत नाही, वाढत जातो, तेच त्याचं लक्षण. गोचीड दिसली नाही म्हणूनही काही नाही. मला कुठे दिसली होती?

आजच्या आज दवाखान्यात जा. पुढचं लक्ष देऊन वाच. नायटा म्हणू नकोस. फोनवर नाही, खिडकीत नाही, आत नाही. त्यांनी म्हटलं तरी हो म्हणू नकोस. आपण नाव दिलं की ते बघत नाहीत. चट्टा आहे म्हण, वाढतोय म्हण, गवतात गेले होते म्हण, दिवस गेलेत म्हण. आणि कमरेवरचा कपडा वर करून दाखव. लाजू नकोस. त्यांनी बघेपर्यंत तिथून उठू नकोस. ते म्हणाले, गरोदरपणात होतं असं, तर दादाला आत बोलाव. तो काही बोलणार नाही, पण तो दारात उभा राहिला की माणसं नीट बघतात.

‘बरं’ म्हणून बाहेर येऊ नकोस. तेवढं माझ्यासाठी कर.

वहिनी


८ जुलै

वहिनी,

मला आयुष्यात कोणी इतकं रागावलं नव्हतं. शाळेतल्या बाईसुद्धा नाही. तुझं पत्र मी जपून ठेवलंय, मुलगा झाला की मुलगी, मोठं झाल्यावर वाचून दाखवणार आहे. म्हणावं, बघ, तुझी मामी पोलिसात असायला हवी होती.

दादा आला तेव्हा आई दार उघडायला गेली. "अगं बाई, तू? न कळवता? जेवलास का?" तो म्हणाला, "हिने वाचेपर्यंत नाही." आई त्याच्या हातातली पिशवी घ्यायला गेली तर त्याने पिशवीही दिली नाही. मी वाचलं. तो म्हणाला, "चपला घाल." एवढंच. आईने विचारलं, "काय झालंय काय?" मी म्हटलं, "लिंबू." मग तिनेही चपला घातल्या.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काय होतंय?"

"चट्टा आहे."

"नायटा का?"

"ते तुम्ही बघून सांगायचं. मी दाखवायला आलेय."

ती म्हणाली, डॉक्टर आज फार गडबडीत आहेत, मलम लिहून देतील. मी म्हटलं, बसते. आई मागून म्हणाली, "आम्ही तिघंही बसतो." वहिनी, तिने हे म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. दिव्याखाली, वाकून. कुठे गेला होतात विचारलं, तुझ्याबद्दलही विचारलं आणि मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "रक्त तपासलं तरी इतक्या लवकर काही दिसेलच असं नाही. चट्टा बघूनच औषध देते." गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या. चट्टा गेला. सोनोग्राफी झाली, आतापर्यंत सगळं ठीक आहे. बाळाला काही होईल का विचारलं तर म्हणाल्या, वेळेत औषध घेतलं की सहसा होत नाही. सहसा. मी तो शब्द घेऊन घरी आले. पुन्हा पुन्हा विचारलं नाही, खरं तेवढंच असणार.

खोलीचं आता सांगते. पाळण्यासमोर उभी राहिले असते तर माझा हात आपोआप पोटावर गेला असता आणि तुला कळलं असतं. म्हणून आले नाही. मला वाटलं, तुझी ती गेली आणि मी हे पोट घेऊन तुझ्या दारात. तू रागावलीस ते बरोबर. पण जपण्यात माझं काही खोटं नव्हतं, तेवढं लक्षात ठेव.

सोबत एक भिंग पाठवतेय. घड्याळजी वापरतात तसलं, दहापट मोठं दिसतं. दुकानात विक्रीला होतं, विकत घेणारं कोणी नव्हतं. तुला कामाला येईल.

एक विचारू? तिचं नाव ठेवलं होतंस का?

ठमी


४ मे

ठमे,

आज रानातल्या पूर्वेकडच्या तुकड्याचं काम सुरू झालं. दिवसभर मोजणी केली. दुपारी वारा सुटला, रंगाचा डबा कलंडला, चार झाडांचे नंबर पुन्हा घालावे लागले. संध्याकाळी परत आले. तुझ्या दादाची आज रात्रपाळी आहे.

थंडीत तुला मुलगा झाल्याचं कळलं, फोटो मिळाले, आता तो उपडा होतो हेही आईंनी कळवलं. मी लिहिलं नाही. त्याचं ठीक आहे हे ऐकून मला बरं वाटतं, हे खरं आहे. मी अजून त्याला बघायला येत नाही, हेही खरं आहे. दोन्ही एकदमच आहे, त्याला माझा इलाज नाही. आईंना म्हणावं, मी रुसलेली नाही. पुढचं आमचं काही ठरलेलं नाही. ठरलं तरी तुला आधी सांगणार नाही, तू मला सांगितलं नव्हतंस.

नाव ठेवलं होतं. ते तुला कधीतरी तोंडाने सांगीन, लिहिणार नाही.

परवा मी डॉक्टरांकडे गेले होते. आजारी नव्हते. नंबर लावला, बसले, आत गेले. म्हटलं, "मी तेव्हा बरं म्हणाले होते, ते परत घ्यायला आलेय. मी नायटा म्हटलं, कारण मी झाडं मोजते. ते नायटा आहे की नाही, हे बघणं तुमच्याकडे होतं. तुम्ही बघितलं नाहीत. माझ्या नणंदेचं तिच्या डॉक्टरांनी बघितलं, तिचा मुलगा आता चार महिन्यांचा आहे. फोनवर कोणी गरोदर बाई चट्टा म्हणाली, नायटा म्हणाली, काहीही म्हणाली, तर तिला बोलावून घ्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं."

मला वाटलं होतं, हे बोलून आल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. राग आहे तिथेच आहे. पण या वेळी मी खुर्ची आत सरकवली नाही.

पत्र अर्धं ठेवून उठले होते. विजार काढून गरम पाण्यात टाकली, मोजे टाकले. दिवा खाली ओढला, आरसा जमिनीवर भिंतीला टेकवला आणि तुझं भिंग घेतलं. उजव्या गुडघ्यामागे एक काळा ठिपका दिसला. ओल्या बोटाने पुसला. रंग होता, नंबराचा. मग डावा गुडघा बघितला.

वहिनी